आईचा राहिलेला डबा

पौडच्या एसटी स्टँडवर एका नव्या कंडक्टरने "आजी, हात द्या" म्हणत आमच्या आईपुढे हात केला, तेव्हा तिने त्या हातावर छत्रीची मूठ हाणली. "तिकीट फाडायचं तुजं काम. मला चढवायचं न्हाई," म्हणाली आणि दांड्याला धरून, गाडीभर लोकांना खोळंबवून, आपली आपण चढली. जुने कंडक्टर शहाणे होते. ती दिसली की ते दुसरीकडे बघत.

वडील लवकर गेले. मी एकुलती एक लेक. पौडच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी आईचं दोन खोल्यांचं घर, थोडी भातखाचरं आणि कोंबड्या. एवढ्या राज्याचा कारभार ती कुणाचं म्हणून न ऐकता एकटी हाकायची. एकदा एक एजंट जमीन मागायला आला. पायात पांढरे बूट, हातात बिल्डिंगची रंगीत चित्रं. तिने ती नीट निरखली.

"ह्यात कोंबड्या कुटं ठिवायच्या?"

"आजी, तिथं कोंबड्या चालत नाहीत."

"मंग मानसं कशी काय चालत्यात?"

गडी चहा न पिताच गेला.

मी राहते हिंजवडीला, नवव्या मजल्यावर. लिफ्ट आईला मंजूर नव्हती. "द्येवानं पाय दिल्यात की. खोक्यात कशाला उबं ऱ्हायाचं?" ती जिन्याने यायची, प्रत्येक मजल्यावर टेकत टेकत. वर पोचेपर्यंत तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेला कितवा महिना लागलाय आणि सहाव्यावरचं जोडपं कशावरून भांडतं, हे तिला कळलेलं असे. मला त्या लोकांची नावंही माहीत नव्हती.

घरात आली की पिशवीतून आधी स्टीलचा डबा निघायचा, इंद्रायणी तांदळाने भरलेला. लेकीच्या घरी फुकट जेवायचं नाही, हा तिचा कायदा. "तांदूळ माजं, शिजवनावळ तुजी. फिटलं!" मग मात्र दोनदा वाढून घ्यायची, आणि वर "भात गिचका केलास" हेही ऐकवायची. राहा म्हटलं की, "कोंबड्या कोन कोंडंल?" आणि ऊन कलायच्या आत चालू लागायची.

जाताना डबा हमखास विसरायची. माझ्या लग्नात कुणी कसला आहेर केला ते तिला तोंडपाठ होतं; डबा तेवढा राहायचा. दोन दिवसांत फोन: "माजा डबा ऱ्हायलाय तुज्याकडं. सवड झाली की आन. एकच हाय, अडलंय माजं." नुसतं 'ये' असं ती कधी म्हणाली नाही. रविवारी मी गाडी काढायची. डबा रिकामा कसा द्यायचा, म्हणून त्यात लाडू भरायचे. "ह्ये आनि कशाला?" म्हणत ती लाडू काढून घ्यायची आणि लेकीच्या हाती रिकामा डबा कसा द्यायचा, म्हणून पुन्हा तांदूळ भरायची. डबा पोचवायला गेलेली मी डबा घेऊनच परत यायची.

मागच्या वर्षी ती अंगणात घसरली. मी तिचे कपडे भरायला बॅग घेऊनच गेले. म्हटलं, "आता चल, कायमची."

ती गुडघा चोळत म्हणाली, "कायमचं जायाचं तवा जाईन. तुज्या गाडीची गरज न्हाई लागायची."

आणि बोलल्यासारखी गेली. माघातल्या एका सकाळी कोंबड्या सोडून ओट्यावर टेकली, ती उठलीच नाही. हात द्यायची संधी तिने शेवटीही मला दिली नाही, याचा मला अजून राग येतो.

दिवसकार्य उरकल्यावर मी स्वयंपाकघर आवरायला घेतलं. वरच्या फळीवर स्टीलच्या डब्यांची रांगच होती. सगळे लख्ख घासलेले, सगळे रिकामे. शेजारच्या हौसामावशी दारात उभ्या होत्या.

"मावशी, ही तर म्हणायची, एकच डबा आहे!"

"डब्यानं काय अडतंय तिचं?" मावशींनी पदर डोळ्याला लावला. "रविवारी सकाळधरनं सडकंकडं डोळं लावून बसायची. म्या म्हनलं, अगं, लेकीला सरळ ये म्हन की. तर म्हनली, बोलावल्याव येती ती पावनी."

शेवटचा डबा माझ्याकडेच आहे. तळाला वाटीभर तांदूळ उरलेत. ते शिजवायला हात धजत नाही. डबा रिकामा झाला की तो परत न्यायचा असतो.