एकदाच विचारणारी मडम

आपल्याला जमणार नाही अशी गोष्ट पारोळ्यात अजून जन्मायची आहे, असं तोतारामनानांचं ठाम मत होतं. मध्यस्थ उखर्डूभाऊंनी त्यांच्या लेकीसाठी, कल्पनासाठी, धुळ्यातल्या देवपूरचं स्थळ आणलं. मुलाचे वडील, बन्सीलाल सर, कॉलेजात इंग्रजी शिकवत आणि घरीही इंग्रजीच बोलत, असं उखर्डूभाऊंनी बजावलं. नानांनी एवढंच विचारलं, "कितला दिन शेतस हातमा?"

पाहुणे यायला एक महिना होता. मुलगा कल्पनाच्या मनात भरला होता, त्यामुळे स्थळ हातचं जाऊन चालणार नव्हतं. साल अठ्ठ्याण्णव. जळगावात कॉम्प्युटरवर सीडी लावून इंग्रजी शिकवणारा क्लास नुकताच निघाला होता. धुळ्याला गेलं तर सर बघतील, म्हणून नाना रोज जळगावची एसटी धरू लागले. क्लासच्या दाराशी चपला काढायच्या, तिथेच ते नमस्कारही करत.

पडद्यावर एक मडम किटली घेऊन यायची आणि आणखी चहा हवा का, असं विचारायची. घरंदाज माणूस पहिल्या खेपेला हो कसा म्हणेल? नाना म्हणाले, "नो, थँक यू." मडम किटली घेऊन निघून गेली. ती पुन्हा विचारायला येईल म्हणून नाना पंधरा मिनिटं वाट बघत बसले. शेवटी क्लासवाल्यांनी समजावलं, की इंग्रज माणूस एकदाच विचारतो आणि नको म्हणजे नको. नानांना त्या लोकांची दया आली, पण धडा त्यांनी घोटून घोटून पाठ केला.

पाहुणे आले. नानांच्या पत्नी यशोदाबाईंनी वरण-बट्टी, वांग्याची भाजी असा बेत केला होता. सरांची एक बट्टी संपली तसे नाना पुढे सरसावले. "वुड यू लाइक सम मोर?"

सर चकित झाले, खूशही झाले. रीतीप्रमाणे त्यांनी ताटावर हात आडवा धरला, तोही बोटं फाकवून. "नो, थँक यू."

नानांनी बट्ट्यांची परात माघारी धाडली. मग तूप आलं. नो, थँक यू. तूप गेलं. भाजी आली तशी गेली. सरांच्या बाईंनी तर वरणाला नुसती मान हलवली, तेवढ्यात वरणही परत फिरलं. सकाळी सातला घरून निघालेली माणसं रिकाम्या ताटांकडे बघत बसली. नानांना वाटलं, महिन्याचं चीज झालं. उखर्डूभाऊ त्यांच्या कानाशी लागून म्हणाले, की असं उपाशी उठवलं तर पाहुणे धुळं गाठायच्या आत नकार कळवतील.

दाराआडून हे सगळं बघणाऱ्या यशोदाबाईंनी कपाळावर हात मारला आणि परात घेऊन त्या स्वतःच बाहेर आल्या.

"आसं कसं नको, भाऊ? पोट भरनं नही आखो. एक बट्टी ल्या."

सर दोनदा नको म्हणाले. तिसऱ्यांदा यशोदाबाईंनी विचारलंच नाही, सरळ बट्टी कुस्करून वर तुपाची धार धरली. सरांनी पाच बट्ट्या खाल्ल्या. हात धुताना, कुणी न विचारताच, त्यांनी मुलगी पसंत असल्याचं सांगून टाकलं. आत कल्पनाच्या हातातलं भांडं पडलं.

नानांना आनंद मावेना. ते वळून म्हणाले, "सर, वुड यू लाइक सम..."

"येस, प्लीज!" सर वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाले.

सरांचंही इंग्रजी बरं आहे, असं नानांचं तेव्हापासून मत आहे. आपल्याच सीडीवर शिकलेले दिसतात.