गुलाबचंदांच्या पेटीचा विमा

पुराचा विमा काढावा की नाही, या प्रश्नाने गुलाबचंद बिसेन यांच्या घरातल्या जेवणाची चवच घालवली होती. आमगावजवळच्या गावात त्यांचं घर, परसाला लागून नाला आणि घरात वडिलांनी दंडार या लोकनाट्यात बक्षीस मिळवलेली पेटी. ती जुनी हार्मोनियम गुलाबचंद पोटच्या पोरांपेक्षा जास्त जपत. त्यांच्या पत्नी दुलारीबाईंचा मात्र विम्याला सक्त विरोध होता. मृग लागला की पेटी, पाण्याचे पितळी गुंड आणि लग्नातली ट्रंक माळ्यावर चढवायची, ती पोळा झाल्यावरच खाली घ्यायची, हा सासूबाईंनी घालून दिलेला नेम होता. एवढा विमा त्यांना पुरेसा वाटे.

शेवटी विमा विकणारा पुतण्या तिलक मोबाइल घेऊन हजर झाला. कंपनीच्या अ‍ॅपला सगळ्या चीजवस्तूंचा एकच फोटो हवा होता, तोही जमिनीवर नीट मांडून. ऐन श्रावणात सामान उतरवायचं म्हणताच दुलारीबाईंनी कपाळाला हात लावला. गुलाबचंदांना मात्र भलताच हुरूप आला. ओसरीत सतरंजी अंथरून त्यांनी सगळं मांडलं, मधोमध पेटी ठेवली आणि तिच्यावर हात टेकून स्वतःही उभे राहिले. तिलकने त्यांना बाजूला व्हायला सांगितलं, कारण माणसांचा विमा वेगळा होता.

फोटो निघाला आणि धो धो पाऊस कोसळू लागला. नेटवर्क येत-जात राहिलं. फोटो पोचेपर्यंत कशालाही हात लावू नका, अ‍ॅप दुसरा फोटो मागू शकतं, असं बजावून तिलक मोबाइल उंच धरून खाटेवर चढला. तासाभरात नाल्याचं पाणी परसातून स्वयंपाकघरात आलं.

“काका, फोटो साठ टक्के गेला.”

“पानी घरात येऊन राह्यलं, अन तू टक्के काऊन मोजून राह्यला?” असं म्हणत दुलारीबाईंनी गुंड उचलला आणि शिडी गाठली.

गुलाबचंदांचा जीव पेटीत अडकला होता. “पेटी भिजली त भरपाई भेटन ना?” त्यांनी विचारलं.

“भेटन. पन विमा लागू झाल्यावर, पंधरा दिवसानं. अन पेटीचं बिल लागन,” तिलक खाटेवरून हळूच म्हणाला.

बक्षिसाचं बिल कुठून आणणार? गुलाबचंदांनी पेटी छातीशी धरली आणि दुखरे गुडघे विसरून शिडी चढले. मागोमाग ट्रंक डोक्यावर घेऊन तिलकही आला.

खाली ओसरीत वीतभर पाणी, वर माळ्यावर तिघे. तिथे मात्र नेटवर्क भरपूर होतं. फोटो गेला. आता फक्त ‘हो’ दाबायचं राहिलं होतं. गुलाबचंदांनी पेटीवरून हात फिरवला आणि आता विमा नको म्हणून सांगितलं. तिलकचा चेहरा पडला.

इतक्यात परसातली कुंपणाची मातीची भिंत पाणी पिऊन सावकाश खाली बसली. दुलारीबाईंनी माळ्याच्या झरोक्यातून ती पाहिली.

“काढ रे विमा,” दुलारीबाई म्हणाल्या.

“तूच त नोको म्हनत होती,” गुलाबचंद चकित झाले.

“सामानाचा नोको. घराचा काढा. भिंती का माळ्यावर चढवता येतेत?”