सेदू आणि माझे मोजे

सेदू माणसाच्या तोंडाकडे बघत नाही, पायांकडे बघतो. आमची ओळखच तशी झाली. अमेरिकेत, कॅरीतल्या आमच्या टाउनहाउसच्या भिंतीपलीकडून महिनाभर धपधप ऐकून माझं डोकं उठलं होतं. तावातावाने त्याची बेल दाबली. दारात सहा फुटी माणूस. मी तोंड उघडायच्या आत तो खाली बघून म्हणाला, "तुमचा डावा पाय आळशी आहे." अहो, असं म्हणायची माझ्या नवऱ्याचीसुद्धा टाप नाही. (सेदू बोलतो इंग्रजी, तेही फ्रेंचच्या चालीवर. मी आपलं मराठीत सांगते.)

सेदू आफ्रिकेतल्या बुर्किना फासोचा. नाचतो आणि नाच बसवतो. गावच्या अंगणात शिकलेली पावलं घेऊन त्याने आजच्या माणसांचे नाच बसवले. विमानतळावरची रांग, नर्सची रात्रपाळी, असले. न्यूयॉर्कला प्रयोग झाले, पेपरात फोटो आले. मग गुडघा कुरकुरायला लागला, तेव्हापासून तो स्वतः कमी नाचतो आणि शनिवारी कम्युनिटी सेंटरमध्ये आमच्यासारख्या बायकांना शिकवतो. मीही जाते. डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय, नाहीतर कशाला.

गल्लीतली पोरं मला काकू म्हणतात, तेच माझं नाव असा त्याचा समज. हजेरीत 'मिसेस काकू' लिहितो.

"चेहरा खोटं बोलतो, टाच बोलत नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. म्हणून वर्गात सगळे अनवाणी. मी एकटी मोज्यांत. माझ्या भेगाळलेल्या टाचा काय चारचौघांत दाखवायच्या? दर शनिवारी तो म्हणायचा, "काकू, मोजे." मी म्हणायची, "पुढच्या शनिवारी." असं वर्षभर चाललं.

एकदा त्याचा व्हिडिओ कॉल बघितला आणि मला हसू आवरेना. स्क्रीनवर नुसते दोन म्हातारे पाय. ती त्याची आई. सेदूचा भाऊ तिच्यासमोर जमिनीवर, घागरीला टेकवून फोन ठेवायचा. तिला सेदू दिसायचा, सेदूला तिचे पाय. प्रत्येक नवा नाच लोकांपुढे नेण्याआधी तो तिला करून दाखवायचा. पसंत पडला तर ती टाच दोनदा आपटायची. नाही पडला तर कोंबडी हुसकावल्यासारखा पाय बाजूला सारायची. एकदा थिएटर बुक झालेलं असताना तिचा पाय सरकला, आणि या बहाद्दराने अख्खा नाच मोडून परत बसवला.

गेल्या मार्चमध्ये नऊ दिवस भिंत गप्प होती. मी वरणभाताचा डबा घेऊन गेले. त्याची आई गेली होती. ग्रीन कार्डची फाइल अडकलेली, देश सोडलास तर परत येता येईलच असं नाही, असं वकिलाने बजावलेलं. मी काय समजावणार? माझे सासरे गेले तेव्हा आमचे हेही असेच सोफ्यावर बसून राहिले होते.

"भावाने फोन जमिनीवर ठेवला," सेदू म्हणाला. "सगळ्या गावाचे पाय दिसले. एवढे पाय, काकू."

दोन आठवड्यांवर त्याचा प्रयोग होता, आणि या वेळी तो स्वतः नाचणार होता. नाच बसवून झालेला, आईने बघायचा राहिलेला. "कॅन्सल करतो," म्हणाला. "आता पास कोण करणार?"

मला भडभडून आलं. भडभडून आलं की मी रागावते. "मला दाखव," म्हटलं. "नाचातलं मला ओ की ठो कळत नाही, पण दाखव."

मी खुर्चीवर बसले आणि मोजे काढले. तो माझ्या टाचांकडे बघत राहिला. नागपुरात अनवाणी काढलेलं बालपण आणि वर इथली थंडी, सगळं त्या भेगांत होतं. बऱ्याच वेळाने तो उठला.

छान नाचला. मी टाच आपटणारच होते. पण शेवट त्याने उरकला. नाचातलं कळत नसलं तरी उरकलेलं मला कळतं, चाळीस वर्षं स्वयंपाक केलाय. बिचाऱ्याची आई गेलीय, आपट की टाच, असं मनाला सांगून बघितलं. टाच काही उठेना. मी पाय बाजूला सारला.

सेदू जमिनीवरच बसला आणि हमसून हमसून रडला. मीही रडले, खोटं कशाला सांगू. मग त्याने बाहीने तोंड पुसलं, गुडघ्यावर हात टेकून उभा राहिला.

"पुन्हा?" त्याने माझ्या पायांना विचारलं.

"पुन्हा," मी म्हटलं. "पहिल्यापासून."