कंट्रोल आणि एस यांचा अर्ज

गेल्या मंगळवारी कंट्रोल आणि एस या दोन बटणांनी मिळून आमच्या तंटामुक्ती समितीकडे अर्ज दिला, की आम्हाला एकत्र दाबल्यावर कोणाचं ऐकायचं ते ठरवून द्या. अर्ज रीतसर होता. मी अध्यक्ष, म्हणून दोन्ही पक्षांना समाजमंदिरात बोलावलं.

एक पक्ष टर्मिनल, म्हणजे संगणकातली ती काळी खिडकी. वयाने थोरला. दुसरा एडिटर, लिहिण्याचं काम करणारा. टर्मिनलच्याच घरात बिऱ्हाड करून राहतो. टर्मिनलचं म्हणणं, ही बटणं दाबली की थांबायचं, हा मान आमच्या आजोबांपासूनचा. एडिटरचं म्हणणं, माझ्याकडे त्याचा अर्थ ‘जपून ठेव’, आणि जिचा संगणक, त्या सुवर्णाने सांगितलं ते मला, यांना नाही.

सुवर्णाची आजेसासू बायजाबाई हाडं बसवते. विद्या एकदाच सांगायची, दुसऱ्यांदा सांगितली की हाताचा गुण जातो, अशी त्यांच्या घरची रीत. तिने सांगितलं, सुवर्णाने एडिटरमध्ये उतरवलं, एक्केचाळीस पानं. जपून ठेवायला ती बटणं दाबली, अन् टर्मिनल थांबला. तेव्हापासून अक्षर हललं नव्हतं.

“मोकळं कसं व्हायचं?” मी विचारलं.

“कंट्रोल आणि क्यू,” टर्मिनल म्हणाला. “दाबलं की मी चालू लागतो.”

एडिटरने मान खाली घातली. “तेच दाबलं की मी बंद होतो, काका. न ठेवलेली पानं जातात.”

सुवर्णाचे डोळे भरले. बायजाबाई म्हणाली, “मी परत सांगायची नाही. अजून बऱ्याच जणांची मोडायची राहिलीत.”

मी उठलो. मग एडिटरला म्हटलं, पानं जागेवर ठेव आणि माझ्याबरोबर चहाला चल. तो आला. त्याने बशीत चहा ओतला, तेवढ्यात आत सुवर्णाने कंट्रोल आणि क्यू दाबलं. ऐकायला टर्मिनल एकटाच होता. तो चालू लागला. पानं होती तशी होती.

आता एडिटरला नवं बटण हवं होतं. बहुतेकांना आधीच दोन-दोन कामं. एफ दोन तेवढं रिकामं बसलेलं. आपला मान गेला का, असं एडिटरने हळूच विचारलं. मी म्हटलं, मान थोरल्याला राहू दे, काम तुझ्याकडे आहे. त्याने अंगठा दिला.

सुवर्णाने एफ दोन दाबलं. खाली ओळ आली, एक्केचाळीस पानं ठेवली.

बायजाबाईने ती दोनदा वाचून घेतली आणि पदर सावरून उठली. “चला,” म्हणाली, “आता मी विसरायला मोकळी.”

ऊन फार होतं, म्हणून टर्मिनल तिला घरापर्यंत पोचवायला गेला.