सुटकेची रंगीत तालीम

कुवेतमध्ये आग लागायच्या आधी ती विझवायची तालीम होते, आणि ती इतकी चोख होते की पुढे आगीला लागायचा धीरच होत नाही. निदान शुऐब्याच्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यातले सुरक्षा अधिकारी गुरुप्रसाद चांदवडकर यांचं तरी असं ठाम मत होतं. नाशिकहून इथे आल्यापासून भोंगा वाजवायचा, सगळ्या कारखान्याला बाहेर काढायचं, उन्हात पिवळ्या पाटीखाली उभं करायचं, डोकी मोजायची आणि पुन्हा आत पाठवायचं, हेच त्यांचं काम. खरोखर बाहेर काढावं अशी वेळ कधी कोणावर आली नाही. तरी वार्षिक अहवालात सुटकेचं यश शंभर टक्के लिहिलेलं असे, आणि त्यात खोट काढायची कोणाची टाप नव्हती.

हा झाला पोटाचा उद्योग. जिवाचा उद्योग म्हणजे मराठी मंडळाचं वार्षिक नाटक. ते दरवर्षी गुरुप्रसादच बसवत आणि त्यांचा कायदा एकच असे. पडदा वर गेला की भूमिका सोडायची नाही, मग छप्पर कोसळो नाहीतर पहिल्या रांगेत सासरा येऊन बसो. एका प्रयोगात जयदीप या नटाच्या धोतराला उदबत्तीनं आग लागली, तेव्हा हा सुरक्षा अधिकारी विंगेतून हळूच सांगत होता, "वाक्य पूर्ण कर." जयदीपनं केलं. टाळ्याही पडल्या. धोतर मात्र मंडळाच्या खर्चात दाखवावं लागलं.

या दोन उद्योगांची गाठ पडायचं तसं काही कारण नव्हतं. पण गुरुप्रसादांच्या बायकोचा, म्हणजे सुचित्राचा, धाकटा भाऊ मेजर अभिजीत समुद्रापलीकडच्या एका देशात शांतिसैनिक म्हणून गेला होता. त्या देशात यादवी चालू होती. दोन पक्षांनी एकमेकांवर गोळ्या झाडायच्या आणि शांतिसैनिकांनी मधोमध उभं राहून खेद व्यक्त करायचा, अशी व्यवस्था होती. ती बरेच दिवस सुरळीत चालली. मग दोन्ही पक्षांचं एका मुद्द्यावर एकमत झालं, की हे मधले लोक फार मध्ये मध्ये करतात. तेव्हापासून दोघंही छावणीवरच गोळ्या झाडू लागले. शांतिसेनेनं दोन्ही पक्षांना एकत्र आणलं ते हे असं.

छावणी रिकामी करायचं ठरलं. सात राष्ट्रांच्या युद्धनौका शुवैखच्या बंदरात येऊन लागल्या आणि कुवेत शहरातल्या शर्क भागात एका उंच इमारतीत 'बहुराष्ट्रीय सागरी सुटका समन्वय कक्ष' उघडला. वरून समुद्र फार छान दिसे. खाली मासळीबाजार होता, पण काच जाड असल्यामुळे वास वर येत नसे. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर उंट असा वातानुकूलित असावा. कोणतं जहाज पुढे आणि कोणतं मागे, यावर तिथे आठवडाभर खल झाला. राष्ट्रांच्या नावांच्या वर्णानुक्रमानं जावं असं ठरलं, तर वर्णमाला कोणाची, इथे घोडं अडलं. तेही एकदाचं सुटलं आणि मग कोणीतरी नियम काढला: यशस्वी तालमीशिवाय प्रत्यक्ष सुटका करता येणार नाही. तालमीला शांतिसैनिक हवेत. खरे शांतिसैनिक उपलब्ध नव्हते, कारण त्यांची अजून सुटका झालेली नव्हती.

इथे गुरुप्रसादांचा प्रवेश झाला. माणसं बाहेर काढण्यात तज्ज्ञ म्हणून कंपनीनं त्यांना कक्षाला सल्लागार म्हणून दिलं होतं. निघताना सुचित्रा एवढंच म्हणाली होती, "तुम्हाला काय करायचं ते करा, पण माझ्या अभिला आणा." गुरुप्रसादांनी अडचण ऐकली आणि त्यांच्यातला दिग्दर्शक जागा झाला. शांतिसैनिक मिळत नसतील तर मंडळाचे नट हजर आहेत, असं त्यांनी सांगून टाकलं. कमोडोरसाहेबांनी, म्हणजे सात राष्ट्रांच्या त्या ताफ्याच्या प्रमुखांनी, उठून त्यांचा हात हातात घेतला.

भूमिका वाटताना मंडळात जी रणधुमाळी माजली, तिच्यापुढे तिकडची यादवी म्हणजे भातुकली. सगळ्यांनाच जखमी व्हायचं होतं. धडधाकट सैनिकाला संवाद नाहीत, अशी तक्रार होती. यूनुस परकार हा मूळचा रत्नागिरीकडचा, शुवैखला जहाजांना किराणा पुरवणारा, मनानं लोण्यासारखा. पण भरघोस मिशांमुळे त्याला दरवर्षी खलनायक मिळे. यंदा तो जखमी हवालदारावरच अडून बसला आणि मिळवूनच उठला. खरेपणा यावा म्हणून कक्षानं प्रत्येकाला एकेका खऱ्या सैनिकाच्या नावाचं जाकीट दिलं. मेजर अभिजीतचं जाकीट गुरुप्रसादांनी मागून घेतलं. घरी आणलं तेव्हा सुचित्रानं छातीवरच्या नावावरून बोट फिरवलं आणि ती चहा टाकायला उठून गेली. चहात साखर घालायची राहिली, पण त्या दिवशी कोणी तसं बोललं नाही.

पहिली तालीम फसली. शुवैखच्या पलीकडच्या ओसाड किनाऱ्यावर बोटी आल्या, तेव्हा मंडळी हात हलवत, सेल्फी काढत निघाली. मंडळातल्या श्वेतानं तर वाटेत लागेल म्हणून उपम्याचा डबा बरोबर घेतला होता. कमोडोरसाहेबांनी शेरा मारला, की शांतिसैनिक पुरेसे घाबरलेले नाहीत. तिकडे समुद्रापार खरे शांतिसैनिक अगदी पुरेसे घाबरले होते, पण ते हिशेबात धरायची सोय नियमात नव्हती. दुसरी तालीमही फसली, कारण आता सगळे इतके घाबरले की बोटीत चढेचनात. गुरुप्रसादांच्या दिग्दर्शनाला आजवर कोणी असं नाक मुरडलं नव्हतं, त्यामुळे त्यांना ते जिव्हारी लागलं. त्यांनी रोज संध्याकाळी सराव लावला. रडावं कसं, पाय ओढावा कसा, मागे वळून किती पाहावं, सगळं घोटून घेतलं.

"काय झालं? कधी आणताय त्याला?" सुचित्रानं विचारलं.

"दुसऱ्या अंकात जरा ढिलाई आहे," गुरुप्रसाद म्हणाले.

"तिकडे तो गोळ्या चुकवतोय आणि तुम्ही प्रवेश बसवताय," एवढं बोलून तिनं त्यांच्यापुढचं ताट उचललं. ते अजून जेवत होते.

तिसरी तालीम मात्र अशी रंगली की पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. धुराचे बॉम्ब फुटले, हेलिकॉप्टर घोंगावली, वाळू उडाली. जखमी यूनुसनं स्ट्रेचरवरून आईला अशी हाक मारली, की ती ऐकून एका परदेशी खलाशाला हुंदका फुटला. जयदीप बोटीत चढताना मागे वळला, छावणीला म्हणजे ओसाड वाळूला त्यानं सलाम ठोकला. आणि बोटी परत बंदराला लागतात न लागतात तोच, कोणी बोलावली होती देव जाणे, टीव्हीवाली मंडळी कॅमेरे घेऊन तिथे येऊन थडकली. एका पत्रकार बाईंनी गुरुप्रसादांच्या छातीवरचं नाव वाचलं आणि माइक पुढे केला. मेजर, सुटका झाल्यावर कसं वाटतंय?

पडदा अजून पडला नव्हता. गुरुप्रसादांनी क्षणभर समुद्राकडे पाहिलं, थकलेला श्वास सोडला आणि म्हणाले, "माझी माणसं घरी पोचली. आणखी काय हवं?"

झालं. ते वाक्य घटकाभरात जगभर गेलं. सात राजधान्यांतल्या सात सरकारांनी स्वतःचं जाहीर अभिनंदन केलं. आता एवढ्या मोठ्या माणसांनी अभिनंदन केल्यावर, ती तर तालीम होती, हे त्यांना जाऊन सांगायचं कोणी? कक्षाची तातडीची बैठक बसली. पुष्कळ कॉफी संपल्यावर गंभीर निष्कर्ष निघाला, की सुटकेसाठी ठरवलेली सर्व उद्दिष्टं तालमीतच साध्य झाली असून प्रत्यक्ष सुटकेनं त्यात काही भर पडेल असं वाटत नाही. सबब, सुटका पार पडली आहे.

गुरुप्रसाद धावत शर्कला गेले. कक्षातल्या एका कॅप्टननं त्यांना आदरानं बसवलं. गुरुप्रसादांनी सांगितलं, की मी मेजर अभिजीत नाही, मेजर अभिजीत माझा मेहुणा, मी शुऐब्याला नोकरी करतो. कॅप्टननं सहानुभूतीनं मान हलवली. सुटलेल्या माणसाला आपण सुटलोच नाही असं वाटत राहतं, पुस्तकात तसं दिलेलं आहे, असं तो म्हणाला. तेव्हा गुरुप्रसादांनी हुकमाचा एक्का काढला, म्हणजे आपलं सिव्हिल आयडी. या कार्डाशिवाय कुवेतमध्ये माणसाला सर्दीसुद्धा होत नाही. कॅप्टननं ते उलटसुलट पाहिलं.

"अरे, हे तर आमच्या सल्लागारांचं. तुमच्याकडे राहिलं होय? पोचवू आम्ही," म्हणत त्यानं कार्ड खणात टाकलं.

गुरुप्रसादांचा आवाज चढला. "अहो, मी मेजर अभिजीत, तर मग छावणीत कोण आहे?"

"छावणीत कोणी नाही. छावणी रिकामी आहे."

"कोण म्हणतं?"

"आम्हीच केली ना रिकामी," कॅप्टन शांतपणे म्हणाला.

नंतर त्यांना समुपदेशिकेकडे पाठवण्यात आलं. तिनं खजुराचा डबा दिला आणि रोज सकाळी आरशासमोर उभं राहून 'मी अभिजीत आहे, मी सुखरूप आहे' असं म्हणायला सांगितलं.

घरी आले तर सुचित्राच्या फोनवर अभिजीत होता. आवाज लांबून, तुटत तुटत येत होता. "दाजी, व्हिडिओ इथे पोचलाय. काम छान केलंत. आईनं नाशिकला टीव्हीवर पाहिलं, म्हणाली, अभि जरा वाळलाय, पण बरा आहे." मग त्यानं सांगितलं, की गोळ्या थांबल्यात. दोन्ही पक्षांनीही तो व्हिडिओ पाहिलेला दिसतोय, त्यांना वाटतंय इथे आता कोणी उरलं नाही. पण विमानातून येणारं अन्नपाणीही त्याच कारणानं थांबलंय. रिकाम्या छावणीत कोण कशाला पाणी टाकेल? "टाकीत तळाशी थोडं आहे, दाजी. तुमचं ऐकतील ते. चारचौघांत उभं राहून सांगा की आम्ही इथेच आहोत."

गुरुप्रसादांना रात्रीची भाकरी गोड लागेना. स्वतःची अशी लाज वाटत होती की आरसा नकोसा झाला. सुदैवानं चारचौघं जमणारच होते. कक्ष आणि मंडळ यांच्या संयुक्त विद्यमानं सुटलेल्या वीरांचा सत्कार ठरला होता. गुरुप्रसादांनी आधी मंडळींना एकेकटं गाठलं. जयदीप म्हणाला, पदक तर मिळू दे, मग बघू. श्वेताच्या सासरी पेढे वाटून झाले होते. यूनुसला सातही जहाजांच्या किराण्याचं काम मिळालं होतं. त्यानं मिशीवरून हात फिरवला. "गुरुभाऊ, सांगायलाच हवं, बघा. पण तुम्ही सांगा. मी जखमी आहे."

सत्काराला सभागृह खच्चून भरलं. शाल झाली, श्रीफळ झालं, कमोडोरसाहेबांनी पदक अडकवलं. सुचित्रा मागच्या दाराशी फोन कानाला लावून उभी होती. गुरुप्रसाद बोलायला उभे राहिले. त्यांनी अभिजीतचं जाकीट काढून खुर्चीवर ठेवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा, पडदा वर असताना, भूमिका सोडली.

"मी मेजर अभिजीत नाही. मी नट आहे. मेजर अभिजीत आणि त्याची माणसं अजून तिथेच आहेत. त्यांचं पाणी संपत आलंय. हात जोडतो, जहाज पाठवा."

हेच त्यांनी हिंदीत सांगितलं, मग इंग्रजीत. कुठे विराम नाही, आवाजाला चढउतार नाही, हातवारे नाहीत. वाक्यफेकीच्या दृष्टीनं त्यांची ती सर्वांत पडेल कामगिरी होती.

मग कमोडोरसाहेब उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. त्यांच्यामागे सात राष्ट्रांचे अधिकारी उभे राहिले, त्यांच्यामागे मंडळ. कमोडोरसाहेबांनी गुरुप्रसादांना मिठी मारली आणि माइकवर सांगितलं, की या वीराचा देह सुटला, पण मन अजून सोबत्यांपाशीच आहे, आणि याहून मोठं सैनिकपण नाही. पुढच्या रांगेतला जयदीप शेजाऱ्याला म्हणाला, याला म्हणतात भूमिका जगणं. गुरुप्रसाद ओरडून ओरडून तेच तेच सांगत होते, आणि ते जितकं सांगत तितक्या टाळ्या वाढत होत्या. त्यांची मुलगी जुईली मोबाईल उंच धरून चित्रण करत होती. "बाबा, यू आर ट्रेंडिंग," ती म्हणाली.

मागच्या दाराशी फोनवर अभिजीतनं विचारलं, "ताई, दाजी बोलले?"

"बोलले रे."

"मग हा आवाज कसला?"

"टाळ्या वाजवतायत."

"कोण?"

"सगळे," सुचित्रा म्हणाली. फोन मध्येच तुटला, आणि पुन्हा लागला नाही.

तो व्हिडिओ पहिल्यापेक्षाही जास्त चालला. तुमच्याकडेही आला असेलच, कोणत्या ना कोणत्या ग्रुपवर. सुचित्रा हल्ली दिवसभर त्याच्याखालच्या प्रतिक्रिया वाचत बसते, एकेक करून, वरपासून खालपर्यंत. पाणी पोचलं का, असं विचारणारा एक तरी माणूस ती शोधते आहे. तुमची प्रतिक्रिया तिनं वाचली. लाल हृदय होतं.