लाल शर्टवाले आपले

"यंदा कप आपलाच, बाबा! लिहून ठेवा!"

सीझन सुरू व्हायच्या आधी सरांनी छाती ठोकून सांगितलं होतं. सर म्हणजे कॉलेजच्या फुटबॉल टीमचे कोच आणि बाबा त्यांचे वडील. तरुणपणी नावाजलेले गोलकीपर, आता हृदयाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेले. डोळे इतके अधू, की माणूस दिसायचा तो कपड्याच्या रंगापुरता. डॉक्टरांनी हात टेकले होते. "खूश ठेवा, एवढंच," म्हणाले होते.

पहिल्याच मॅचला टीमचा पार भुगा झाला. बचावफळी अशी उघडी, जणू दवाखान्याचं दार, कोणीही यावं! सर तोंड लपवत घरी आले.

"किती झाले रे?" आतून आवाज.

"सहा-शून्य," सर पुटपुटले.

"सहा!" बाबा चक्क उठून बसले. "सूनबाई, ऐकलंस का? सहा गोल मारले आपल्या पोरांनी!"

आणि कित्येक दिवसांनी त्यांनी ताटातलं सगळं संपवलं. सर खुलासा करायला तोंड उघडणार, तोच बायकोने असे डोळे वटारले, की ते आपोआप मिटलं.

मग काय! पुढे चार-शून्य, पाच-शून्य. सर खोटं एक अक्षर बोलत नव्हते, नुसते आकडे सांगत होते! टीम जितकी आपटत होती, तितकी बाबांच्या तोंडावर टवटवी येत होती. डॉक्टर, नर्स, दूधवाला, इतकंच काय, चुकून लागलेल्या फोनवरचा माणूससुद्धा विजयाची बातमी ऐकल्याशिवाय सुटत नव्हता!

"हे निस्तरणार कसं?" बायकोने विचारलं.

"सीझन संपेलच की," सर म्हणाले. त्याआधी दुसरं काही संपू नये, हे दोघांच्याही मनात होतं.

शेवटच्या मॅचच्या सकाळी बाबांनी बॉम्बच टाकला. "मला मैदानावर ने."

"बाबा, डॉक्टर नाही म्हणतील..."

"पुढच्या सीझनला मी असणार आहे का? सांग!"

सरांनी गपचूप व्हीलचेअर काढली.

समोरची टीम लीगमधली सगळ्यात तगडी, लाल शर्टातली. सरांची पोरं पिवळ्यात. सरांनी खुर्ची रेषेजवळ लावली आणि घसा खाकरला. "बाबा, यंदा आपला रंग बदललाय. लाल शर्टवाले आपले."

पहिला गोल बसला. "शाब्बास रे वाघांनो!" बाबा टाळ्या पिटू लागले. दुसरा, तिसरा. सरांच्या स्वतःच्या पोरांची तोंडं बघण्यासारखी झाली. सरांचे वडीलच फितूर!

मध्यंतरात कॅप्टन लंबूने बाजूला घेऊन विचारलंच. सरांनी सगळं सांगून टाकलं. लंबूने डोकं खाजवलं.

"म्हणजे सर, आम्ही हरलो तर आजोबा खूश?"

"अरे, म्हणून हरू नका! एक तरी गोल मारा की!"

आणि लंबूने मारला! सबंध सीझनमधला पहिला आणि एकुलता एक गोल! सर हवेत उडाले.

"अरे, उड्या कसल्या मारतोस?" बाबा खेकसले. "गोल त्यांनी केलाय!"

"पायात... पायात गोळा आलाय, बाबा!"

सर पाय चोळत खाली बसले. मिठी मारायला धावत आलेली पोरं लंबूने खूण करताच अर्ध्या वाटेतच थबकली आणि मान खाली घालून परत फिरली.

शिट्टी झाली. "आधी त्या हरलेल्यांकडे ने," बाबा म्हणाले.

पिवळे शर्ट चिखलात बसले होते. लंबू पुढे होऊन वाकला. बाबांनी चाचपडत त्याच्या घामेजल्या डोक्यावर हात ठेवला.

"शेवटपर्यंत धावलात रे. पावलं ऐकत होतो मी. तुमचे सर कुठे आहेत?"

लंबूने सरांकडे पाहिलं. सरांनी दुसरीकडे.

"असतील इथेच कुठेतरी, आजोबा."

"त्यांना सांग, पोरं चांगली घडवलीत म्हणावं. हरलेल्या माणसाला हे कोणी सांगत नाही."

"सांगतो," लंबू म्हणाला.

फाटकाबाहेर पडल्यावर बाबा एकदम चिडले. "आणि तू रे? त्या बिचाऱ्या कोचला शोधून हात मिळवायचं तुला सुचलं नाही? जिंकल्यावर एवढा माज बरा नव्हे!"

"चुकलंच, बाबा," सर म्हणाले आणि बाहीने डोळे पुसले.

घर येईपर्यंत बाबा त्यांना यावरून झापत राहिले. सरांनीही खुर्ची मुद्दाम सावकाश ढकलली.