खांबाशेजारचा माणूस

ऑर्व्हिल ट्वेटनची उंची पाच फूट पाच इंच होती आणि त्यापायी साठ वर्षं कुणाचं काही अडलं नव्हतं. अडलं ते मंगळवारी सकाळी, गावच्या कॅफेत, विद्यापीठातून आलेल्या मेरिडिथ क्रुग या प्राध्यापिकाबाईंनी पिशवीतून टेप काढली तेव्हा.

"आजोबा, जरा भिंतीला टेकून उभे राहता?"

भिंतीवर 'तो' फोटो होता. नॉर्थ डकोटातल्या त्या टीचभर हाल्वर गावात तो नव्हता कुठे! साठ वर्षांपूर्वी मार्चमध्ये तीन दिवस हिमवादळ झालं, टेलिफोनचे खांब गळ्यापर्यंत बुडाले, आणि कुणा वार्ताहरानं बर्फाच्या डोंगरावर, खांबाच्या शेंड्याशी हात टेकून उभा असलेला एक माणूस टिपला. लांब कोट, कानटोपी, मफलर. तोंड दिसेल तर शपथ! देशभरच्या पेपरांत फोटो झळकला, पण खाली नाव नव्हतं. ते महिन्याभरानं नाचाच्या कार्यक्रमात ऑर्व्हिलनं स्वतःच पुरवलं, कारण समोर अर्डिस उभी होती आणि तिला सांगण्यासारखं त्याच्यापाशी दुसरं काहीच नव्हतं. अर्डिसनं लग्न केलं. गाव दर मार्चला त्याला ट्रॅक्टरवर बसवून मिरवू लागलं. एवढं झाल्यावर 'तो मी नाही हो' म्हणायला माणसानं तोंड कुठून आणायचं?

बाईंनी माप घेतलं आणि कागद पुढे सरकवला. "खांबाच्या आडव्या दांडीची लांबी टेलिफोनवाल्यांच्या दप्तरात आहे. त्या हिशेबानं फोटोतला माणूस पाच फूट अकरा इंच. तुम्ही पाच पाच."

"म्हातारपणी माणूस आकसतो, बाई," नगराध्यक्ष ड्वेन मध्ये पडला.

"सहा इंच?"

"आमच्याकडे थंडी फार."

बाई हसल्या नाहीत. "हे बघा, फोटोतला माणूस तुम्हीच असाल तर खांब खोटा. ठेंगणा, आखूड दांडीचा खांब बर्फात रोवून फोटो काढलाय."

ड्वेनचा चेहरा पडला. शनिवारी फोटोची साठी होती, टीव्हीवाले यायचे होते. "काका, तरुणपणी तुम्ही उंच होतात ना?"

"होतो की," ऑर्व्हिल म्हणाला. एक खोटं सांभाळायला दुसरं लागतंच.

"झालं तर मग! काकांची लग्नातली पँट मागवू, दूध का दूध होऊन जाईल." ड्वेननं फोन लावला. दहा मिनिटांत अर्डिस पँट घेऊन हजर. वर कडक इस्त्री मारलेली. ऑर्व्हिलच्या कमरेला ती लावून पाहिली, तर खालची शिवण बरोब्बर बुटावर टेकली. जणू कालच शिवलेली.

"मी कधी उसवलीसुद्धा नाही," अर्डिस गोड आवाजात म्हणाली.

गुरुवारी पेपरात आलं: 'हाल्वरचा खांब बनावट?' शेजारच्या ब्रेक गावच्या टवाळांनी तर कमालच केली. चौकात बर्फाच्या ढिगात झाडूचा दांडा खोचला आणि त्यावर हात टेकून जो तो फोटो काढून घेऊ लागला. ड्वेन मोठा गडी, पण डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. "काका, माझा बाप त्या वादळात गोठ्यापर्यंत भुयार खणत गेला होता. आता लोक म्हणतात, बर्फच नव्हता!"

हे मात्र ऑर्व्हिलच्या वर्मी लागलं. बर्फ खरा होता. त्याचे स्वतःचे वडील माडीच्या खिडकीतून बाहेर पडले होते. खोटा होता तो एकटा. पण खरं बोलावं तर अर्डिस? तिनं लग्न केलं होतं ते फोटोतल्या माणसाशी. तो गेला की उरला कोण? एक बुटका थापाड्या.

शनिवारी चर्चच्या तळघरात जेवणं चालू असताना तो उठला. बटाट्याच्या कॅसरोलवरून सगळ्यांच्या माना वर झाल्या.

"फोटोत मी नाही," तो म्हणाला. "कधीच नव्हतो. खांब खरा आहे."

आता या गावची रीत अशी, की कॉफी हवी असली तरी तीनदा नको म्हणायचं, आणि कुणी कौतुक केलं तर ते शेजाऱ्यावर ढकलायचं. मग पाद्रीबुवांनी डोळे पुसले. "गावासाठी माणूस स्वतःचं नाव पुसतोय!"

"अहो नाही, खरंच मी नव्हतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंनी वहीत 'फोटो अस्सल, माणूस अज्ञात' असं लिहून टाकलं; त्यांचं काम झालं होतं. ड्वेन खुर्चीवर चढून ओरडला, "ऑर्व्हिलकाकांचा पुतळा उभारायचा! चांगला सहा फुटी!" सगळं तळघर उभं राहिलं. एकटी अर्डिस बसून होती. ती टाळ्या वाजवत नव्हती.

दोघं घरी आली. बैठकीच्या खोलीत, पार छताजवळ, तोच फोटो टांगला होता. "उतरवतो तो," ऑर्व्हिल पुटपुटला आणि स्टूल आणायला वळला. तोवर अर्डिसनं नुसता हात वर करून फोटो खिळ्यावरून काढलासुद्धा.

"कोट माझ्या बापाचा, टोपी भावाची," कमरेच्या ॲप्रननं काच पुसत ती म्हणाली. "तारांना हात पोचतो का बघायला गेले होते. आईला कळलं असतं तर सोलून काढलं असतं मला, म्हणून गप्प बसले. आणि महिन्याभरात एक बुटकं पोरगं येऊन मलाच सांगायला लागलं, मी तिथे कसा उभा होतो नि माझी बोटं कशी गारठली होती!"

ऑर्व्हिल स्टूल विसरून परत वळला. "मग ती पँट कशाला आणलीस?"

"म्हटलं बघू या, गडी कुठवर ताणतो."

"आणि लग्न? ते का केलंस माझ्याशी?"

"बर्फ किती होता ते सगळे सांगत होते रे. बोटांचं कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. आणि खरंच गारठली होती माझी." मग तिनं फोटो परत खिळ्यावर अडकवला, जरा तिरका होता तो सरळ केला आणि म्हणाली, "सोमवारी पुतळ्याचं माप घ्यायला माणूस येईल. तू आत बस. मी उभी राहते."